चाळीस देश आणि माझा पॅकिंग विभाग

सोमवार, ३ मार्च. सकाळी ५.५०
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, स्वतःसाठी. मोठी माणसं लिहितात. पुढेमागे कुणाच्या हाती लागलीच तर त्याचं नशीब.

परिस्थिती अशी. बिस्किट फॅक्टरीतले आमचे प्रॉडक्शन हेड एप्रिलअखेर रिटायर होतायत. त्यांच्या खुर्चीसाठी उमेदवार दोन. एक मी, पहिल्या पाळीचा पॅकिंग सुपरवायझर, अनुभव बावीस वर्षं. दुसरा तो दुसऱ्या पाळीवाला, अनुभव सात वर्षं, त्याला बिस्किटातलं एवढंच कळतं की ते गोड असतं. निकाल उघड आहे. तरी बेसावध राहायचं नाही. मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांत भरेल असं एक काम करून दाखवायचं ठरवलंय. कोणतं, ते अजून ठरलेलं नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६
ठरलं! रोजनिशी ठेवून, सकाळी दाढी करायला बसलो. कन्येच्या खोलीत ते गाणं चालू होतं. हल्ली रिक्षा, दुकान, दवाखाना, जिथे जावं तिथे तेच असतं. स्पॅनिश भाषेतलं. ढोल, तुताऱ्या, आणि एक बाई ठसक्यात गाते. माझी दाढी रोज नऊ मिनिटं चालते. आज साडेतीन मिनिटांत आटपली. दोन ठिकाणी कापलं, पण वेग बघा! बसमध्ये चढताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेच गाणं पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यावर लावलं तर?

मंगळवार, ४ मार्च
मॅनेजरसाहेबांची परवानगी मिळाली. मागच्या वर्षी मी स्पीकरवर माझं स्वतःचं रेकॉर्ड केलेलं प्रेरणादायी भाषण लावत असे. ते त्यांनी चौथ्या दिवशी बंद करायला लावलं होतं. आज म्हणाले, काय लावायचं ते लावा, फक्त आवाज तुमचा नको. म्हणजे माझ्या आवाजाचा परिणाम त्यांच्या अजून लक्षात आहे.

बुधवार, ५ मार्च
ऐतिहासिक दिवस. पट्ट्यावर सोळा बायका. सकाळी सात वाजता गाणं सुरू. पहिल्यांदा सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. चौथ्या वेळी पाय हलायला लागले. आठव्या वेळी खांदे. दुपारी अडीचपर्यंत एकतीस वेळा वाजलं. खोकी नेहमीपेक्षा दोनशे ऐंशी जास्त!

फिटर म्हणाला, साहेब, रविवारी पट्ट्याला नवीन मोटर बसवली ना, तिचा परिणाम. फिटर लोकांना संगीताची जाण नसते.

आणखी एक. मोठ्या बाईंनी, म्हणजे पट्ट्यावरच्या सगळ्यात जुन्या बाईंनी, स्टुलांसाठी पुन्हा अर्ज दिला. तिसरा. सोळा सह्या. आठ तास उभं राहून पाय भरून येतात म्हणे. त्यावर ‘विचाराधीन’ असा शेरा मारून खणात ठेवला. बसलं की माणूस सुस्तावतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या केबिनमधली फिरती खुर्ची मला रोज दुपारी फार त्रास देते.

शुक्रवार, ७ मार्च
गाण्याचा अभ्यास सुरू केला. कन्येच्या मोबाइलवर पाहिलं. चाळीस देशांत पहिल्या नंबरवर. चाळीस! त्यात असे देश आहेत की जिथे बर्फ पडतो आणि माणसं एरवी एकमेकांशी बोलत नाहीत, तेसुद्धा नाचतायत. नाच सोपा आहे. कंबर हलवायची, आणि मध्येच ढोल थांबतो तेव्हा एक हात कमरेवर ठेवून सगळ्यांनी जिथल्या तिथे थिजायचं. चार ठोके. मग पुन्हा सुरू. ऑफिसांत, विमानतळांवर, शाळांत, लोक नुसते थिजतायत आणि व्हिडिओ टाकतायत.

चाळीस देश आणि एक्केचाळिसावा आमचा पॅकिंग विभाग.

सोमवार, १० मार्च
आज बायकाही थिजल्या. ढोल थांबला तशा सोळाच्या सोळा, एक हात कमरेवर, जागच्या जागी. पट्टा मात्र चालू. दोन सेकंदांत चार पाकिटं पुढे गेली. आधी ओरडणार होतो. मग विचार केला. ही तर सूक्ष्म विश्रांती! दर गाण्यात सहा वेळा. विश्रांती उभ्या उभ्या मिळतेय तर स्टूल हवंय कशाला? एका दगडात दोन पक्षी. मोठ्या बाईंना समजावलं. त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. पटलं असावं.

बुधवार, १२ मार्च
कंपनीच्या मासिकासाठी लेख लिहायला घेतला. शीर्षक: ‘एका गाण्याचा अर्थ आणि त्याचं जागतिक यश: एक व्यवस्थापकीय चिंतन’. पहिलं वाक्य अजून सुचलेलं नाही, पण शीर्षकावरच मासिकवाले खूश होतील.

कन्या म्हणाली, बाबा, त्या गाण्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे का? ती दोन वर्षं स्पॅनिशच्या क्लासला जाते. मी म्हणालो, अर्थ हा शब्दांत नसतोच मुळी, ठेक्यात असतो. चाळीस देशांपैकी निम्म्यांना तरी ती भाषा कळत नाही. तरी नाचतायत ना? मग? ती म्हणाली, पण ऐका तरी. मी हात वर करून तिला थांबवलं. विचारांची साखळी तुटते.

हाच लेखाचा गाभा. गाणं यशस्वी झालं, कारण ते कुणाला कळलं नाही. कळतं ते घरात राहतं, कळत नाही ते जगभर जातं. (हे वाक्य स्वतःचं आहे. वापरायचं.)

शुक्रवार, १४ मार्च
पट्ट्यावर उत्साह वाढतोय. आता बायका सोबत गातातही. भाषा येत नाही, पण शब्द कसे स्पष्ट! दुसरं कडवं आलं की सगळ्या माझ्याकडे बघतात आणि हसतात. विशेषतः माझ्या खिशाकडे. खिशात मी तीन पेनं ठेवतो: निळं, लाल, हिरवं. त्यांच्या मनात माझ्याबद्दल आदर होताच. तो आता संगीताच्या रूपाने बाहेर पडतोय.

उद्यापासून चौथं पेन. काळं.

सोमवार, १७ मार्च
चौथ्या पेनाचं जंगी स्वागत झालं. दुसऱ्या कडव्याला एक बाई हसता हसता खाली बसली. तिला उठवलं.

गायिकेच्या कंपनीला ईमेल पाठवला. इंग्रजीत. म्हटलं, आपल्या गाण्यामुळे आमचं पॅकिंग वाढलं, आमचं प्रशस्तिपत्र आपण खुशाल जाहिरातीत वापरा. चार सेकंदांत उत्तर! आमच्या हेड ऑफिसला चार महिने लागतात. उत्तर स्पॅनिशमध्ये होतं. सहा ओळी, खाली कंपनीचं नाव. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलं. बायकांनी जेवणाच्या सुट्टीत गर्दी करून वाचलं. वाचलं म्हणजे पाहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, साहेब, कागद छान लागलाय.

गुरुवार, २० मार्च
नाच स्वतः आला पाहिजे. नेतृत्व पुढून करायचं असतं. बाथरूमचं दार लावून सराव केला. कंबर हलवणं जमलं. थिजणंही जमलं. पण थिजल्यावर पुन्हा सुरू होता येईना. बायकोने आणि कन्येने दोन्ही बाजूंनी धरून बाहेर काढलं. बाथरूमची फरशी निसरडी आहे, असं मी सांगितलं. बायको म्हणाली, हो ना, नाचता येईना अंगण वाकडं. दोन दिवस गरम पाण्याची पिशवी.

सोमवार, २४ मार्च
कंबर अजून दुखते. खुर्चीत उशी ठेवली. बसून काम करणं किती कठीण असतं हे उभं राहणाऱ्यांना कळायचं नाही.

लेख पाठवला. खोक्यांचा आकडा थोडा खाली आलाय. थिजण्याचे ठोके चारावरून सहावर गेलेत असा मला संशय आहे. पण गाण्यात तर चारच आहेत. माझं मोजणं चुकत असेल.

गुरुवार, २७ मार्च
आज एक प्रसंग. अकरा वाजता मोठ्या बाई पट्ट्याजवळ मटकन खाली बसल्या. रिकाम्या क्रेटवर. चप्पल काढली तर पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा मांसात रुतून उमटला होता. मी म्हणालो, बाई, असं मध्येच बसता येत नाही, इतरांवर परिणाम होतो. त्या म्हणाल्या, साहेब, एकोणीस वर्षं उभी आहे, दोन मिनिटं बसते. मी नियम दाखवला. त्या उठल्या आणि घरी गेल्या. अर्ध्या दिवसाची रजा मांडली.

नियम म्हणजे नियम. मी तरी काय करणार. एकाला सवलत दिली की सोळा जणी मागतात.

दुपारी गाणं वाजलं तेव्हा कुणी गायलं नाही. नुसत्या थिजत होत्या. मला जरा चुकल्यासारखं झालं. चहा जास्त झाला असेल.

शुक्रवार, २८ मार्च
मोठ्या बाई पायांना पट्ट्या बांधून हजर. चौथा अर्ज. खणात.

मंगळवार, १ एप्रिल
आनंदाची बातमी! मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझा लेख वाचला म्हणाले. शीर्षक संपूर्ण वाचलं. येत्या ११ तारखेला परदेशातून एक मोठ्या खरेदीदार बाई फॅक्टरी बघायला येतायत. ऑर्डर मिळाली तर तीन वर्षांचं काम. पॅकिंगचा भाग मी दाखवायचा, गाण्यासकट. म्हणाले, काहीतरी वेगळं दिसेल, हसतमुख कामगार वगैरे. मी म्हणालो, साहेब, बघत राहाल.

दुसऱ्या पाळीवाल्याला फक्त चहापानाची व्यवस्था दिलीय. यावरून काय ते समजावं. शितावरून भाताची परीक्षा.

प्रॉडक्शन हेड जेवायला गेले होते तेव्हा त्यांच्या खुर्चीत एक मिनिट बसून पाहिलं. डावीकडे किंचित कलते. पद मिळाल्यावर पहिलं काम, खुर्ची बदलणे.

घरी येऊन गायिकेच्या कंपनीच्या पत्राचा फोटो कन्येला दाखवला. म्हटलं, अनुवाद कर, पाहुण्यांसमोर वाचून दाखवतो. तिने वाचलं आणि ओठ दाबून धरले. म्हणाली, यात लिहिलंय की या पत्त्यावर आलेली पत्रं कुणी वाचत नाही, कृपया इथे लिहू नये. मी म्हणालो, एवढं सहा ओळींत? ती म्हणाली, बाकीच्या ओळींत आभार आहेत.

आभार आहेत ना. मग झालं. पत्र बोर्डावरून काढणार नाही. काढलं तर उगाच चर्चा होते.

रविवार, ६ एप्रिल
आज कन्येने ऐकवलंच. नाश्त्याला. मी तोंडात घास असल्यामुळे थांबवू शकलो नाही.

तिच्या म्हणण्याप्रमाणे गाणं असं आहे. समुद्रकाठच्या कारखान्यात एक बाई डब्यात मासे भरते. पट्ट्यामागे एक मुकादम फिरतो. दुसऱ्या कडव्यात त्याचं वर्णन आहे: खिशात पेनंच पेनं आणि लिहायला काही नाही, सारखा घड्याळात बघतो, पट्ट्याचा वेग वाढवतो. ती म्हणते, वाढव बाबा, बटण तुझं आहे, हात माझे आहेत. ढोल थांबला की मी थांबेन. मी थांबले की तू काय करशील? आणि मग ते ध्रुवपद, ज्यावर सगळं जग नाचतं: आता तू नाच.

बायको एवढी हसली की तिला ठसका लागला. तिला पाणी दिलं.

शांतपणे विचार केला. एक, हा मुकादम वाईट मुकादम आहे. मी तसा नाही. दोन, माझ्या खिशात पेनं असतात आणि मी लिहितो. ही रोजनिशीच त्याचा पुरावा. तीन, आमच्या बायकांना यातलं काही माहीत नाही. त्यांना पगाराची स्लिप मी वाचून दाखवतो. स्पॅनिश कुठून येणार? चार, पाहुण्या बाई परदेशी आहेत. परदेशी लोक इंग्रजी बोलतात.

तेव्हा काळजीचं कारण नाही. कन्येला म्हणालो, मुकादम हे प्रतीक आहे. ती म्हणाली, कशाचं? मी म्हणालो, वरच्या वर्गात गेलीस की कळेल.

मंगळवार, ८ एप्रिल
खबरदारी म्हणून दोन पेनं कमी केली. दुसऱ्या कडव्याला पट्ट्यावर शुकशुकाट. सगळ्यांची तोंडं पडली. एका बाईने विचारलंच, साहेब, पेनं कुठे गेली? लोकांचा विरस करणं माझ्या स्वभावात नाही. दुपारनंतर पुन्हा चार.

गुरुवार, १० एप्रिल
सगळी तयारी चोख. नवी टोपी, नवे हातमोजे, पट्टा पुसून चकाचक. बायकांना सांगितलं, उद्या हसायचं. मोठ्या बाई म्हणाल्या, साहेब, तुम्ही काळजी करू नका, उद्या आम्ही पोटभर हसू. किती समजूतदारपणा! मागचं काही मनात ठेवलेलं नाही.

पट्ट्याखाली रिकामे क्रेट रचून ठेवलेले दिसले. नीटनेटकेपणाबद्दल शाबासकी दिली.

शुक्रवार, ११ एप्रिल. दुपारी ४, घरी
लिहावं की नाही कळत नाही. पण रोजनिशी म्हटली की पळवाट नाही.

अकरा वाजता पाहुण्या बाई आल्या. साधारण पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. मॅनेजरसाहेबांनी ओळख करून दिली तेव्हा कळलं की त्या ज्या देशातून आल्या तिथे घरोघरी स्पॅनिश बोलतात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

तरी धीर सोडला नाही. दोन वाक्यं इंग्रजीत बोललो आणि गाणं सुरू केलं. पाहुण्या बाईंचा चेहरा खुलला. त्या गुणगुणायला लागल्या. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तो क्षण माझ्या नोकरीतला सर्वोच्च. सुमारे चाळीस सेकंद टिकला.

दुसरं कडवं. सोळा जणी मोठ्याने गायला लागल्या, आणि स्पॅनिशमध्ये नाही. आपल्या भाषेत! एक अन् एक ओळ, चालीत बसवलेली. खिशात पेनंच पेनं आणि लिहायला काही नाही. पाहुण्या बाईंना शब्द कळले नसतील, पण सोळा बोटं माझ्या खिशाकडे वळली, ते कळायला भाषा लागत नाही.

मग ढोल थांबला. त्या थिजल्या. चार ठोके झाले, गाणं पुढे गेलं, त्या हलल्या नाहीत. मोठ्या बाईंनी खालचा क्रेट पायाने ओढला, उलटा केला आणि त्यावर बसल्या. मग त्यांच्या शेजारची. मग सगळ्या. हात मांडीवर. कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. नुसत्या बसल्या.

पट्टा चालू होता. पाकिटं टोकाला जाऊन धबाधब जमिनीवर पडायला लागली. आता कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी धावलो. या टोकाची पाकिटं धरली तर मधली अडकून उसळली. तिकडे गेलो तर इकडची पडली. दोन्ही हातांत पाकिटं, काखेत पाकिटं, एक हनुवटीखाली. टोपी गेली. पेनं गेली. वर स्पीकरवर ती बाई गातेय, आता तू नाच, आता तू नाच. आणि खरं सांगतो, माझी पावलं ठेक्यात पडत होती. मी मुद्दाम करत नव्हतो. ठेकाच तसा आहे.

पाहुण्या बाई डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. त्यांना वाटलं, हे त्यांच्यासाठी बसवलंय. मॅनेजरसाहेबांना त्या म्हणाल्या, तुमचा मुकादम फार गुणी नट आहे.

अखेर फिटरने बटण दाबलं. गाणंही थांबलं. एवढ्या दिवसांनी तिथली शांतता पहिल्यांदा ऐकली.

पाहुण्या बाईंनी मोठ्या बाईंच्या पायांच्या पट्ट्या पाहिल्या आणि त्यांचं हसू गेलं. शेजारचा क्रेट ओढून त्या स्वतः बसल्या. मॅनेजरसाहेबांना विचारलं, यांना बसायला काही का नाही? मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, यांनी कधी मागितलं होतं का? मी म्हणालो, तोंडी असा काही उल्लेख मला आठवत नाही. मोठ्या बाई बसल्याबसल्या म्हणाल्या, लेखी आहे साहेब. चार अर्ज. खणात असतील, उजवीकडच्या.

होते.

शनिवार, १२ एप्रिल
गेलो नाही. कंबर.

फिटरचा फोन आला. चौकशी करत होता की मजा घेत होता कोण जाणे. म्हणाला, मोठ्या बाईंच्या भाचीने गाणं आपल्या भाषेत लिहून दिलं होतं. ७ मार्चपासून बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर लागलंय. मी हिशेब केला. म्हणजे गाणं लावल्यावर दोनच दिवसांनी. म्हणजे चौथं पेन मी सगळं माहीत असलेल्या लोकांसमोर नेलं.

हात दाखवून अवलक्षण. पण दाखवला कुणी? मीच.

मंगळवार, १५ एप्रिल
ऑर्डर मिळाली! तीन वर्षांची! एका अटीवर: पट्ट्यावर बसायची सोय हवी. मॅनेजरसाहेबांनी सोळा स्टुलं मागवली. शांत डोक्याने बघितलं तर ही ऑर्डर कुणामुळे आली? गाण्यामुळे. गाणं कुणी लावलं? मी. हे मॅनेजरसाहेबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, म्हणूनच तुम्हाला मेमो देतोय, काढून टाकत नाहीये.

यातला ‘बरोबर आहे’ महत्त्वाचा.

शुक्रवार, १८ एप्रिल
स्टुलं आली. सुटी. पाय वेगळे, बैठक वेगळी, स्क्रू वेगळे. जोडायचं काम माझ्याकडे. ‘विशेष जबाबदारी’ असा शब्द मेमोत आहे. दिवसभर जमिनीवर बसून पान्याने स्क्रू आवळले. अकरा झाली. प्रत्येक बाईला बसवून उंची बघायची. मोठ्या बाईंचं स्टूल तीनदा बदललं. तिसऱ्या वेळी त्या नीट टेकल्या, पाय खालच्या दांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. मी विचारलं, ठीक आहे का? त्या म्हणाल्या, ठीक आहे. आणखी काही बोलतील असं वाटलं होतं. रागाचं तरी. काही नाही. पट्टा सुरू झाला आणि त्या पाकिटं भरायला लागल्या.

मी तिथेच पान्यासकट उभा होतो. त्यांनी मान वर करून विचारलं, साहेब, उजेड अडतोय, जरा बाजूला होता का? झालो.

बुधवार, २३ एप्रिल
बसून काम केल्यावर खोकी वाढलीत. आकडा लिहीत नाही. फिटर म्हणाला, मोटरचा परिणाम. या वेळी तो मुद्दाम म्हणाला.

स्पीकर चालूच आहे. गाणं सुरू केलं तर एका बाईने सांगितलं, साहेब, कंटाळा आला आता त्याचा, दुसरं काही लावा, नाहीतर बंद ठेवा, आम्हाला बोलायचंय. मोबाइलवर पाहिलं. चाळीस देशांतलं पहिलं स्थान गेलंय. कुठे तेरावं, कुठे तिसावं. बर्फाच्या देशात यादीतच नाही. लोक कृतघ्न असतात.

बंद ठेवलं. त्या सबंध पाळी बोलत होत्या. मुलांच्या परीक्षा, कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण, नवं शिलाई मशीन. बावीस वर्षं त्यांच्यामागे फिरतोय, यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, २५ एप्रिल
प्रॉडक्शन हेडचं पद दुसऱ्या पाळीवाल्याला. नोटीस बोर्डावर लागलं. जागा नव्हती म्हणून माझं स्पॅनिश पत्र काढून त्या जागी लावलं. अभिनंदन करायला गेलो. तो उठून उभा राहिला, मला बसायला सांगितलं, चहा मागवला. चांगला वागला. हेच मला सहन झालं नाही.

रविवार, २७ एप्रिल. सकाळी १०
घरी कुणी नव्हतं तेव्हा ते गाणं लावलं. पूर्ण, पहिल्यापासून. पट्ट्यावर मी ते कधी पूर्ण वाजू दिलं नव्हतं. शेवटचं कडवं संथ आहे, हात मंदावतात, म्हणून तिथे पोचायच्या आत पुन्हा पहिल्यापासून लावायचो. आज ऐकलं. तुताऱ्या नाहीत, ढोल नाही. ती बाई जवळजवळ बोलतेच. ठसका अजिबात नाही.

मला वाटलं, इथे त्याचं काहीतरी होत असणार. गाण्यात असं एखाद्याला अर्ध्यावर सोडत नाहीत. तो सुधारत असेल. माफी मागत असेल. निदान त्याला नोकरीवरून काढत असतील. शेवटी तोही दिवसभर उभाच असतो, हे कुणीतरी लिहायला हवं.

कन्या बाजारातून आली तेव्हा विचारलं. सहज विचारल्यासारखं. तिने पिशव्या खाली ठेवल्या, कान देऊन ऐकलं आणि सांगितलं. ती बाई घरी जाते. पाय गरम पाण्यात ठेवते. मुलगी विचारते, आज काय केलंस? ती म्हणते, आज मी थोडी बसले. मग दोघी खिडकी उघडतात. संपलं.

मी विचारलं, आणि मुकादम?

ती म्हणाली, बाबा, तो दुसऱ्या कडव्यापुरताच आहे.

मी म्हणालो, नीट ऐक, एखादा शब्द निसटला असेल. तिने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी बसली, आणि शेवटचं कडवं माझ्यासाठी पुन्हा एकदा लावून ऐकलं.

नाहीच.